वाचनाची आवक-जावक : वर्षभर काय वाचलं याची वही कशी ठेवायची

तालुक्याच्या वाचनालयातून मी एकच कादंबरी तीन वेळा घरी आणली. दुसऱ्यांदा आणली तेव्हा विसाव्या पानावर लक्षात आलं आणि हसून सोडून दिलं. तिसऱ्यांदा मात्र शंभरेक पानं झाल्यावर एका परिच्छेदाच्या कडेला पेन्सिलची बारीक रेघ दिसली. वाचनालयाच्या पुस्तकात रेघा मारणारा कोण हा शहाणा, म्हणून आधी चरफडले. मग रेघेच्या टोकाला छोटं अर्धवर्तुळ दिसलं. ती खोड आमच्या घरात फक्त माझी आहे.

मी वेंगुर्ल्याकडे एका काजूच्या कारखान्यात हिशेब बघते. किती पोती बी आली, गर किती निघाला, त्यात पाकळी किती, तुकडा किती, हे झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. आणि गेल्या वर्षात काय वाचलं म्हणून कोणी विचारलं तर चार नावं आठवायची, पाचव्याला गाडी अडायची. त्याच रात्री एक कोरी वही काढून रकाने आखले. सात वर्षं झाली. आधीच्या दोन वह्या फसल्या, तिसरीपासून घडी बसली. कुठे फसल्या आणि काय टिकलं ते पुढे सांगते.

मुद्दा एकच धरून चला. नोंद पुस्तकाची ठेवायची नाही, वाचण्याची ठेवायची. पुस्तकाचं नाव, लेखक, किंमत हे छापलेलं असतं, ते उद्याही सापडेल. ते तुमच्या हातात कुठून आलं, कधी उघडलं, कुठे अडलं आणि का मिटलं, हे कुठेच छापलेलं नसतं. माझी पहिली वही फसली ती यामुळेच. ती पुस्तकांची यादी होती, आणि यादी काय, वाचनालयातही टांगलेली असते.

वर्ष कधी सुरू करायचं

बहुतेक जण १ जानेवारीला सुरू करतात आणि शिमग्यापर्यंत वही कुठेतरी जुन्या पेपरांखाली जाते. दोष त्यांचा नाही, तारखेचा आहे. आपल्या किनाऱ्यावर मार्च ते मे म्हणजे काजू, आंबा, कोकम, लग्नं, आणि मुंबईहून येणारी माणसं. या तीन महिन्यांत माझ्या वहीत दोन ओळी पडल्या तर पुष्कळ. जानेवारीत उत्साहाने सुरुवात करायची आणि तिसऱ्याच महिन्यात कोरी पानं बघायची, याने मन खट्टू होतं.

माझं वाचनाचं वर्ष मृगाला सुरू होतं. ७ जूनच्या आसपास. हंगाम आटोपलेला असतो, दारात पाऊस असतो, संध्याकाळी कुठे जायचं नसतं. पहिल्याच दोन महिन्यांत वही भरायला लागते आणि मग ती सुटत नाही. आमच्या शेजारी होडीवाले आहेत, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा जाळी दुरुस्त करून उरलेला वेळ ते वाचतात. त्यांचं वर्ष बंदीला सुरू होऊन नारळी पौर्णिमेला जवळजवळ संपतं. दोन महिन्यांचं का असेना, नोंद होते.

शिक्षक असाल तर शाळेचं वर्ष धरा. वाचनालयाची वर्गणी एप्रिल ते मार्च भरत असाल तर तेही चालेल. तुमच्या सवडीचा काळ वर्षाच्या तोंडाशी यायला हवा, एवढंच बघा. आणि आज जी काही तारीख असेल, त्या तारखेपासून सुरू करा. मागचं आठवून लिहायचा मोह होतो. त्याला दहा मिनिटं द्या, जेवढं आठवेल तेवढं ‘अंदाजे’ असं लिहून टाका, आणि पुढे चला. मी दुसऱ्या वहीत मागची तीन वर्षं आठवत बसले. आठ दिवस गेले, निम्म्या तारखा खोट्या निघाल्या आणि नव्या वाचनाची एकही ओळ पडली नाही.

वही कोणती

स्पायरलची वही घेऊ नका. खाऱ्या हवेत तार गंजते, पानांच्या कडेला तांबूस डाग पडतात आणि पान उलटताना फाटतं. स्टेपलच्या पिनांचीही तीच गत. दोऱ्याने शिवलेली, जाड पुठ्ठ्याची, आखीव रजिस्टर वही घ्या, दुकानदार देतात ती दोनशे पानी. वर्षाला शंभर पानं पुष्कळ होतात, म्हणजे एका वहीत दोन वर्षं मावतात. सुंदर चामडी डायरी कोणी भेट दिली असेल तर ती कपाटात ठेवा. तिच्यात चुकीचं अक्षर काढायचीसुद्धा भीती वाटते, आणि भीती वाटेल त्या वहीत नोंद होत नाही.

जेल पेन नको. पावसाळ्यात कागद सर्द असतो, अक्षर फुटतं. साधं बॉलपेन चालेल, पण मी पेन्सिल वापरते आणि त्याला कारण आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा माझ्या आतेबहिणीच्या घरात छातीएवढं पाणी होतं. नंतर वह्या वाळवल्या. शाईने लिहिलेल्या पानांवर नुसते निळे डाग उरले होते, आणि पेन्सिलने केलेला किराणाचा हिशेब जसाच्या तसा वाचता येत होता.

वही ठेवायची जागा म्हणजे हाताशी. उशाशी, नाहीतर जिथे बसून वाचता तिथल्या खिडकीत. चिऱ्याच्या भिंतीला टेकवून काही ठेवू नका, पावसात भिंत ओल धरते आणि मागच्या पुठ्ठ्याला बुरशी चढते. पुस्तकांचं कपाटही भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. कसर लागू नये म्हणून घरोघरी उपाय असतात, कोणी वाळवलेला कडुलिंबाचा पाला ठेवतं, कोणी डांबराच्या गोळ्या. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या त्या ओल शोषणाऱ्या पुड्या मी जपून ठेवते.

रकाने

वही उघडल्यावर समोर येणारी दोन पानं मिळून एक जागा समजा. डावीकडे रकाने, उजवीकडे मोकळं पान. एका पुस्तकाला सहा ओळींची जागा सोडा.

डावीकडे हे: क्रमांक, पुस्तकाचं नाव, लेखक, पानं, कुठून आलं, उघडलं ती तारीख, मिटलं ती तारीख, आणि शेवटी एक खूण.

अनुवाद असेल तर लेखकाखाली अनुवादकाचं नाव लिहाच. दोन-तीन वर्षांनी वही चाळताना कळतं की आपल्याला आवडणारी चार भाषांतरं एकाच माणसाने केलेली आहेत, मग त्याचं पाचवं शोधता येतं. नावाखाली आवृत्तीचं सालही टाका, पण नीट बघून. पुस्तकाच्या सुरुवातीला ‘पहिली आवृत्ती’, ‘दुसरी आवृत्ती’, ‘पुनर्मुद्रण’ अशा ओळी असतात. आपल्याला हवी ती पहिली. साठ वर्षांपूर्वीचं पुस्तक आणि गेल्या वर्षीचं पुस्तक एकाच कोऱ्या मुखपृष्ठात समोर येतं, आणि मग ‘ही बाई असं जुनाट का बोलते’ म्हणून आपण उगाच लेखकावर चिडतो.

‘कुठून आलं’ हा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा आणि हाच लोक गाळतात. माझ्याकडे चार अक्षरं आहेत. ‘वा’ म्हणजे वाचनालय, ‘घ’ घरचं, ‘उ’ उसनं, ‘फ’ फोनवर. ‘उ’ असेल तर पुढे कोणाकडून तेही. या एका रकान्याने मला वर्षअखेर जे दाखवलं ते बाकी सगळ्या रकान्यांनी मिळून दाखवलं नाही. त्याबद्दल शेवटी.

शेवटची खूण: ‘स’ संपलं, ‘सो’ सोडलं, ‘चा’ चालू, ‘प’ परत वाचलं. तारखेच्या रकान्याला मी ‘संपलं’ न म्हणता ‘मिटलं’ म्हणते ते यासाठीच. पुस्तक मिटतं, संपतंच असं नाही.

आता या सगळ्यात एकच नियम कडक पाळायचा: पुस्तक उघडलं त्याच दिवशी नोंद करायची, मिटल्यावर नाही. माझी दुसरी वही इथे फसली. मी पुस्तक पूर्ण झालं की लिहायचे, त्यामुळे अर्धवट टाकलेल्यांची नोंदच नव्हती. वर्षाच्या शेवटी वही बघितली तर मी कसली शिस्तीची वाचक! प्रत्यक्षात पलंगाखाली सहा पुस्तकं तोंड खुपसून पडली होती. कारखान्यात आलेलं पोतं आधी आवक वहीत चढतं, मग फोडतात. फोडल्यावर चढवायचं ठरवलं तर किडकी पोती हिशेबातून गायब होतील, आणि मालकाला वाटेल यंदा माल फार चांगला आला.

‘वाचलं’ कशाला म्हणायचं

या प्रश्नावर वही सोडून दिलेली माणसं मला माहीत आहेत. म्हणून सुरुवातीलाच, पहिल्या पानावर, आपले नियम लिहून ठेवा. नियम कोणते याला फार महत्त्व नाही, वर्षाच्या मध्येच ते बदलायचे नाहीत एवढंच.

सगळ्यांत घोळ दिवाळी अंकांचा. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणूस हा घोळ घालतोय. अंक कोणी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतं का? आधी कथा, मग व्यंगचित्रं, मग कोणाचं तरी आत्मकथन, राशिभविष्य तर चोरून सगळेच. आमच्या वाचनालयात वेगळी वर्गणी भरली की अंक घरोघर फिरतात, त्यामुळे एका अंकाला आठवडाच मिळतो. मी असं करते: एका अंकाला एकच क्रमांक. उजव्या मोकळ्या पानावर त्यातलं जे वाचलं त्याची नावं आणि पान क्रमांक. पानांच्या रकान्यात अंकाची पानं नाही, वाचलेली पानं. २४० पानांचा अंक आणि वाचली ९५, तर ९५. आणि होळीला सगळे अंक मिटवायचे. होळीपर्यंत जे वाचून झालं नाही ते होणार नाही, हे मी मान्य केलंय. ‘चा’ खोडून ‘सो’ लिहिते, मोकळी होते.

कवितासंग्रहाला ‘मिटलं’ची तारीख नसते. तो रकाना मी रिकामा ठेवते आणि जेव्हा जेव्हा काढला त्या तारखा उजवीकडे लिहीत जाते. एका संग्रहापुढे पाच वर्षांत सतरा तारखा झाल्यात, त्यातल्या अकरा जुलैतल्या.

परत वाचलेल्याला नवा क्रमांक द्या, जुन्या नोंदीत घुसडू नका. खाली जुन्या नोंदीचा क्रमांक लिहिला की पुरे. दोन नोंदी शेजारी ठेवून बघण्यात जी मजा आहे ती त्या पुस्तकातही नसते कधीकधी.

मुलाला मोठ्याने वाचून दाखवलेलं धरा, पुढे ‘मोठ्याने’ लिहा. ऐकलेलं पुस्तकही धरा, पण पानांऐवजी तास लिहा. तासांची पानं करायच्या भानगडीत पडू नका, दोन वेगळी मापं आहेत. वर्तमानपत्र आणि फोनवर आलेले लेख मी धरत नाही, कोणाला धरायचे असतील तर महिन्याला एक पान वेगळं ठेवावं.

आणि पोथी? माझ्या सासूबाई श्रावणात रोज पहाटे एक अध्याय वाचतात, गेली चाळीस वर्षं. वाचनाच्या वहीची गोष्ट निघाली तेव्हा म्हणाल्या, “माझां खयचां वाचन? तो नेम.” मी त्यांच्या नावाने मागच्या पानावर एक ओळ घातली. दुसऱ्या दिवशी कुठला अध्याय कधी झाला ते त्यांनी स्वतः येऊन सांगितलं, आणि आता राहिला तर माझ्याआधी त्यांनाच चुटपूट लागते.

उजवं पान : काय लिहायचं

इथे माणसं परीक्षण लिहायला बसतात आणि तिसऱ्या पुस्तकाला थकतात. दोन-तीन ओळींच्या वर जाऊ नका. मिटल्याच्या दिवशीच लिहा, उद्यावर गेलं की त्या ओळीत पुस्तक राहत नाही, पुस्तकाबद्दलचं मत राहतं.

माझ्या पहिल्या वहीतली एक नोंद: ‘छान कादंबरी. ओघवती भाषा. व्यक्तिचित्रण प्रभावी.’ ही कुठल्या पुस्तकाची हे आज मला सांगता येत नाही. कुठल्याही पुस्तकाखाली ती खपेल. आता अशा लिहिते: ‘वडील जातात ते प्रकरण दोनदा वाचलं. दारातल्या चपलांचं पुढे काय झालं ते सांगितलंच नाही, तेच डोक्यात राहिलं.’ किंवा: ‘पान १४० नंतर कोर्टाच्या तारखाच तारखा. तिथे तीन दिवस हात लावला नाही.’ किंवा नुसतं: ‘नणंदेला द्यावं.’

लिहायला सुचलं नाही तर स्वतःला तीन प्रश्न विचारा. यातलं काय आज दिवसभर डोक्यात होतं? कुठल्या पानावर अडले? हे कोणाला द्यावंसं वाटतं? तिन्हींना उत्तर नसेल तर ‘काही नाही’ एवढंच लिहा. ‘काही नाही’ हीसुद्धा नोंद आहे आणि ती फार उपयोगी पडते, कारण त्याच लेखकाचं पुढचं पुस्तक उचलताना ती आठवते.

पुस्तकातलं वाक्य उतरवून घेत असाल तर अवतरण चिन्हं आणि पान क्रमांक याशिवाय उतरवू नका. चार वर्षांनी ते वाक्य तुमचं की लेखकाचं हे तुम्हालाच कळणार नाही, आणि कोणाच्या तरी निरोपसमारंभात तुम्ही ते आपलं म्हणून बोलाल. एकीचं असं झालेलं आहे. टाळ्याही मिळाल्या.

पाचपैकी किती तारे, हा प्रकार मी दोन वर्षं करून सोडला. वीज गेलेल्या रात्री कंदिलाशेजारी वाचलेल्या सगळ्या पुस्तकांना पाच तारे पडलेत. त्यात पुस्तकाचा वाटा किती आणि पावसाचा किती, कोण सांगणार? त्याऐवजी ही युक्ती करून बघा: सहा ओळींतल्या खालच्या दोन रिकाम्या सोडा आणि महिन्याने, पुस्तक न उघडता, जे आठवतं ते तिथे लिहा. मिटल्याच्या दिवशी डोक्यावर घेतलेली पुस्तकं महिन्याने नावापुरतीही उरत नाहीत. आणि वैतागत संपवलेल्या एखाद्या चरित्रातला प्रसंग भाजी चिरताना परत परत समोर येतो.

वाचनालयाच्या पुस्तकांसाठी जास्तीची एक गोष्ट

दाखल क्रमांक, म्हणजे पुस्तक आलं तेव्हा वाचनालयाने त्याला दिलेला नंबर, लिहा. शीर्षकाच्या पानावर शिक्क्याजवळ असतो, बहुतेक ठिकाणी आत एखाद्या ठरलेल्या पानावरही असतो. कोकणातली वाचनालयं जुनी आहेत, रत्नागिरीचं नगर वाचनालय तर १८२८ सालचं. जुन्या संग्रहातली पुस्तकं दोन-दोनदा बांधलेली असतात, वर सारखाच तपकिरी पुठ्ठा, पाठीवरचं नाव पुसट, कधी पहिली चार पानंच गेलेली. अशा पुस्तकाचं नाव तुम्ही काय लिहिणार? दाखल क्रमांकावरून ग्रंथपाल दोन मिनिटांत काढून देतात. माझी तीनदा आणलेली कादंबरी अशाच पुठ्ठ्यातली होती.

पाठीवरचा आकडा म्हणजे वर्गांक, पुस्तकाचा विषय सांगणारा. ड्यूई पद्धतीने, म्हणजे विषयवार आकडे देऊन, लावलेलं वाचनालय असेल तर ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य, त्यात पुढे १ आला तर कविता, २ नाटक, ३ कथा-कादंबरी. ९२० चरित्रं, ९५४ भारताचा इतिहास. हा आकडाही टिपला तर वर्षअखेर कुठल्या विषयाचं किती वाचलं याची विभागणी आयती मिळते. लहान वाचनालयात वर्गांक नसेल, कपाटावर नुसतं ‘चरित्र’, ‘प्रवास’ लिहिलेलं असेल, तर तेच लिहा. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे दर्जे असतात. आमचं ‘क’ मधलं आहे, कपाटं सोळा, पण देवघेव बघणाऱ्या बाईंना कोणी काय वाचलं ते माझ्या वहीपेक्षा जास्त आठवतं.

परत करायची तारीख वहीत नको. ती कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी. वहीत लिहिली की ती फक्त उशिराचा दंड भरताना दिसते.

उसनवारी

वही उलटी करा आणि मागून सुरू करा. दोन रकाने: दिलं, आलं. पुस्तक, माणूस, तारीख.

कोकणात हे पान नसेल तर कपाट रिकामं व्हायला वेळ लागत नाही. गणपतीला चाकरमानी येतात, आरत्या झाल्यावर दुपारी पडल्या पडल्या पुस्तक हाताला लागतं, अर्धं होतं, आणि “गाडीत संपवतो गं” म्हणून बॅगेत जातं. ते शिमग्याला परत येतं, नाहीतर पुढच्या गणपतीला, नाहीतर कधीच नाही. विचारलं तर “माका काय आठवणा नाय”. यात खोटेपणा नसतो, खरंच आठवत नाही. तुम्हालाही कोणाला दिलं ते आठवत नसतं आणि मग भलत्याच भावजयीवर संशय जातो. तारखेसकट ओळ असली की विचारताना आवाज चढत नाही. मी देतानाच समोर वही उघडून लिहिते. पहिल्या वर्षी एक-दोघं दुखावले, आता स्वतःच म्हणतात, “लिही लिही, मगे देवन् जातंय.”

आपण आणलेलं उसनंही इथेच, दुसऱ्या पानावर. हे जरा जड जातं.

फोनवर ठेवायचं असेल तर

ज्यांना अक्षर काढायचा कंटाळा आहे त्यांनी फोनवर ठेवावं, मला वावडं नाही. २००७ मध्ये सुरू झालेलं आणि २०१३ पासून ॲमेझॉनच्या मालकीचं असलेलं गुडरीड्स हे वाचनाच्या नोंदी ठेवायचं संकेतस्थळ पुष्कळ जण वापरतात. इंग्रजी वाचणाऱ्यांना ते सोयीचं. मराठीची अडचण अशी की जुनी पुस्तकं तिथे असतीलच असं नाही, आणि असली तर रोमन लिपीत, तीन जणांनी तीन स्पेलिंगं करून टाकलेली. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, टाकून शोधलं तर अचूक सापडतं, पण जुन्या मराठी पुस्तकांवर तो क्रमांकच नसतो. असला तर २००७ पूर्वीचा दहा आकडी, नंतरचा तेरा आकडी. तिथे नोंदी ठेवत असाल तर सहा महिन्यांनी आपली सगळी यादी फाइल करून उतरवून घ्यायची सोय आहे, ती वापरा.

मी म्हणेन साधी स्प्रेडशीट बरी. वर सांगितलेलेच रकाने, एक ओळ एका पुस्तकाला. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहा, म्हणजे क्रम आपोआप लागतो. आकडे इंग्रजी अंकांत टाका, बेरजेला त्रास होत नाही. लेखकाचं नाव एकदा जसं लिहिलं तसंच कायम, आडनाव आधी तर आडनाव आधी. ‘वि.’ आणि ‘वि ’ ही यंत्राला दोन माणसं वाटतात.

मात्र जूनच्या वादळात वीज दोन-दोन दिवस नसते आणि रेंज तर उन्हाळ्यातही माडावर चढून शोधावी लागते. तेव्हा फोनवाल्यांनीही एक चिठोरी जवळ ठेवावी. आणि वहीवाल्यांनी दर महिन्याच्या पानांचा फोटो काढून स्वतःलाच पाठवून ठेवावा. चिपळूणच्या बहिणीच्या वह्या भिजल्या तेव्हापासून मी हे न चुकता करते.

महिन्याचा आणि वर्षाचा ताळा

महिन्याच्या पहिल्या रविवारी दहा मिनिटं. ‘चा’ किती आहेत मोजा. तीनपेक्षा जास्त असतील तर एक सोडा किंवा एक संपवा. महिनाभर मागे असलेल्या नोंदींखाली ती दुसरी ओळ लिहा. झालं.

वर्षाला किती पुस्तकं वाचायची असा आकडा आधी ठरवू नका. आकडा ठरवला की हात बारीक पुस्तकांकडे जातो, माझा गेला होता. अगदीच हवा असेल तर घड्याळ लावून बघा. माझा वेग तासाला तीस पानं. रोज वीस मिनिटं, वर्षातले तीनशे दिवस, म्हणजे शंभर तास, तीन हजार पानं, दोनशे पानांची पंधरा पुस्तकं. चुलीवर भात शिजेपर्यंतच्या वेळात एवढं होतं.

वर्षअखेर मात्र अख्खी दुपार काढा. माझी ती वेळ म्हणजे मे संपताना, आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी उरकल्यावर, सुकी मासळी डब्यांत गेल्यावर. गेल्या वर्षीच्या नोंदी ३४. त्यात संपलेली २३, सोडलेली ७, चालू ४. एवढ्याने काही कळत नाही. मग ‘कुठून आलं’ बघितलं: वाचनालय १९, घरची ६, उसनी ५, फोनवर ४. त्याच वर्षी प्रदर्शनातून मी चौदा पुस्तकं विकत घेतली होती. म्हणजे पैसे घालून आणलेली कपाटात आणि फुकटची हातात. वाचनालयाच्या पुस्तकाला परतीची तारीख असते, घरच्याला नसते, हे कारण. आता वाचनालयाची दोन झाली की घरचं एक, असा क्रम लावलाय, आणि घरच्या पुस्तकात स्वतःच परतीच्या तारखेची चिठ्ठी चिकटवते. घरचे हसतात. हसू देत.

मग सोडलेली सात बघितली. पाच तर साठ ते नव्वद पानांच्या दरम्यान सुटलेली, आणि पाचही ‘तू हे वाचच’ म्हणून कोणी ना कोणी सुचवलेली. मी भिडेपोटी साठ पानं ओढते, असा त्याचा अर्थ. आता तीस पानांवर निकाल लावते आणि पुस्तक परत करताना खरं सांगते. लेखिका किती हेही मोजलं, ३४ मध्ये पाच. हे बघून मात्र जरा गप्प बसले. तुम्ही तुमच्या वहीत काय मोजावं ते मी सांगणार नाही, पण जो आकडा बघायची टाळाटाळ होते तो आधी काढा.

शेवटी चालू असलेली चार नव्या वर्षाच्या पहिल्या पानावर उतरवायची, नवा क्रमांक देऊन, आणि कितव्या पानावर आहात ते लिहून. कारखान्यात याला आरंभीची शिल्लक म्हणतात. मागची उसनवारीही तशीच पुढे आणायची, एकही ओळ न गाळता. माझ्या यंदाच्या वहीत तिथे पहिलीच ओळ आहे: प्रवासवर्णन, ३१२ पानं, धाकटे दीर, डोंबिवली, दोन शिमगे झाले.